फाईल मुंबईला, रिमोट नाशिकला : गंगापूर रोडवरच्या एका होम थिएटरचं प्रकरण

मागच्या जूनमध्ये पहिला पाऊस विजांसकट आला, त्या रात्री गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातला एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळ्या यंत्रांचा आवाज-चित्र घेऊन स्पीकरला आणि प्रोजेक्टरला देणारा डबा, उडाला. भाच्याने आठवड्याभरात एम. जी. रोडवरून नवा डेनॉनचा रिसीव्हर आणला, वायरी जशा होत्या तशा लावल्या, आवाज आला, चित्र आलं. सगळ्यांना वाटलं, काम झालं. संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखं जाड काळ्या रिमोटवरचं ‘सिनेमा’ दाबलं. पडदा खाली आला, प्रोजेक्टर पेटला, ब्लू-रे प्लेअरचा दिवा लागला. रिसीव्हर मात्र ढिम्म. दहा वर्षं एका बटणावर चाललेली खोली दुसऱ्या दिवशी वेताच्या टोपलीतल्या पाच रिमोटांवर आली, आणि तिसऱ्या दिवशी मला फोन आला.

मी नाशिकमध्ये एव्हीची जोडणी-दुरुस्ती करतो. अशी प्रकरणं वर्षाकाठी दोन-चार येतात. हे सविस्तर लिहितोय, कारण यात माझ्याही चुका झाल्या आणि त्यातल्या दोन टाळता आल्या असत्या.

घर आणि खोली

घरमालक द्राक्ष बागायतदार, सगळे त्यांना आबा म्हणतात. बाग निफाडकडे. मुलांच्या शिक्षणासाठी बंगला नाशिकला बांधला, आता मुलं पुण्याला आणि बंगल्यात दोघंच. वरच्या मजल्यावरची मोठी खोली २०१४ मध्ये थिएटर झाली. मुंबईच्या एका जोडणीवाल्याने काम केलं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, काम चांगलं केलं. वायरी पाइपातून, प्रत्येकीला चिठ्ठी, सगळी यंत्रं खोलीबाहेर जिन्याखालच्या कपाटात. खोलीत दिसतात ते फक्त पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर.

यंत्रं बंद कपाटात असल्यामुळे साधा रिमोट चालणं शक्यच नव्हतं. म्हणून रिमोट रेडिओवर बोलायचा, कपाटातलं बेस युनिट ते ऐकायचं, आणि त्यातून निघालेल्या बारीक वायरींच्या टोकांचे एमिटर प्रत्येक यंत्राच्या डोळ्यावर चिकटवलेले होते. एमिटर म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा इन्फ्रारेड एलईडी, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेला. रिमोट व्यावसायिक वर्गातला. असे रिमोट दुकानात मिळत नाहीत, नोंदणीकृत डीलरच देतो, आणि ज्या सॉफ्टवेअरने ते प्रोग्राम होतात तेही डीलरपुरतंच असतं.

काकूंची पद्धत मला फार आवडली. ‘सिनेमा’ दाबायचं, रिमोट टीपॉयवर ठेवायचा, खाली जाऊन चहा टाकायचा. चहा घेऊन वर येईपर्यंत सगळं जागेवर. मध्ये काय-काय चालतं याच्याशी त्यांना दहा वर्षांत काही देणंघेणं नव्हतं, आणि नसावंच.

अडलं कुठे

दोष शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जुना रिसीव्हर एका कंपनीचा, नवा दुसरीचा. इन्फ्रारेडची भाषा वेगळी. वर भाच्याने जुना रिसीव्हर काढताना त्याच्यावरचा एमिटर ओढून काढला होता, तो कपाटाच्या तळाशी धुळीत पडलेला. भाषाही चुकीची आणि तोंडही भिंतीकडे.

मुंबईला फोन लावला. त्या गृहस्थांनी हा धंदा सोडून इंटिरियरचं काम धरलंय. बोलले नीट. म्हणाले, रिमोटच्या प्रोग्रामची फाईल जुन्या लॅपटॉपमध्ये होती, लॅपटॉप कधीच विकला. या रिमोटमधून प्रोग्राम उलटा वाचून काढता येत नाही. मूळ फाईल असेल तर एक ओळ बदलून परत भरायची, नसेल तर दुसऱ्या डीलरने पहिल्या पानापासून लिहायची. दुसरा डीलर तयार होता, पण त्याला हा जुना रिमोट नको होता. नवा विकायचा होता, आणि प्रोग्रामची फाईल तो याही वेळी स्वतःकडेच ठेवणार होता.

आबा एवढंच म्हणाले, “पैसे मी दिले आणि सात-बारा त्याच्या नावावर?”

ग्राहकाला रिमोट दिला जातो, त्यातलं लिखाण दिलं जात नाही. थिएटर करून घेताना हे कोणी विचारत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष स्पीकरकडे असतं.

काय-काय पर्याय पाहिले

पहिलं नाव निघालं हार्मनीचं. दहा वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून तेच सांगितलं असतं. कोणत्या बटणाने काय व्हायचं ते घरच्या माणसाने स्वतः मांडायचा रिमोट म्हणजे हार्मनी, असं समीकरणच होतं. पण लॉजिटेकने २०२१ मध्ये ते बनवणं थांबवलं. बाजारात आहे तो जुना किंवा वापरलेला माल, आणि त्याची मांडणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून. एका फाईलपायी अडकलेल्या माणसाला पुन्हा दुसऱ्याच्या सर्व्हरला बांधायचं मला पटेना.

दुसरा पर्याय ब्रॉडलिंकच्या आरएम४ प्रो सारखी डबी आणि फोन. डबी इन्फ्रारेड शिकते, ४३३ मेगाहर्ट्झचे साधे रेडिओ सिग्नलही शिकते, म्हणजे रेडिओ सिग्नलवर वर-खाली होणाऱ्या पडद्याचंही काम झालं असतं. भाचा याच बाजूचा. काकूंनी एका वाक्यात निकाल लावला : “भाऊ, अंधारात चष्मा शोधू, का फोन उघडू, का सिनेमा थांबवू?” बरोबर आहे. बोटाला न बघता सापडतं ते बटण. काचेवरचं चित्र बघावं लागतं, आणि बघायचं तर आधी फोनचं कुलूप काढा.

तिसरा पर्याय, काहीच न घेणं. डेनॉनचा स्वतःचा रिमोट, एचडीएमआय-सीईसी आणि नशीब. सीईसी म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतूनच यंत्रांनी एकमेकांना ‘उठ’, ‘झोप’ सांगायची सोय. दोन यंत्रं असतील तर मी हेच सांगतो. पाच यंत्रांत कोण कोणाला उठवतंय हे शोधण्यात रविवार जातो. आणि या घरात रिमोट खोलीत, यंत्रं कपाटात, हा मूळ प्रश्न उरतोच.

शेवटी हबवाला रिमोट ठरला, सोफाबॅटनचा एक्स१एस. हब, म्हणजे रिमोटचं ऐकून यंत्रांना आज्ञा देणारी डबी, कपाटात, हातात बटणांचा रिमोट, मांडणी फोनवरच्या अ‍ॅपमधून. हबला इन्फ्रारेडबरोबर ब्लूटूथही आहे, आणि ते लागणारच होतं : फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेडचा डोळाच नसतो. जुन्या रिमोटमध्ये ती स्टिक चालावी म्हणून जोडणीवाल्याने २०१८ मध्ये वेगळं अडॅप्टर बसवलं होतं, ते या निमित्ताने निघालं.

वहीतला एक तास

नवा रिमोट यायला आठवडा होता. तेवढ्यात जुना उलगडून घ्यायचा ठरवला. फाईल नसली तरी रिमोट अजून चालत होता. म्हणजे फाईल वाचता येत नसली तरी ऐकता येत होती.

इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याला दिसतं. मागच्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा गाळणी असते, पुढच्यावर अनेकदा नसते. सगळे एमिटर सोडवून कपाटाच्या फळीवर ओळीने लावले, प्रत्येकाखाली खडूने यंत्राचं नाव लिहिलं, समोर फोन टेकवून चित्रीकरण चालू केलं. जुन्या बेस युनिटमध्ये कोणता सिग्नल कोणत्या एमिटरला जायचा हे वेगवेगळं ठरवलेलं होतं, म्हणून हे जमलं. आबांनी वर जाऊन ‘सिनेमा’ दाबलं. फळीवर जांभळट ठिणग्या एकेक करून लुकलुकायला लागल्या. काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, “इतकं सगळं होत होतं होय!”

चित्रीकरण पुढे-मागे करत वहीत उतरवलं. सुरुवातीला रिसीव्हर. दोन सेकंदांनी प्रोजेक्टर. लगेच पडदा, त्याला एमिटर नाही, पण मोटरचा आवाज चित्रीकरणात आला. मग ब्लू-रे. मग लांबलचक शांतता, आणि पस्तिसाव्या सेकंदाला प्रोजेक्टरला इनपुटचं बटण, कारण लॅम्प तापेपर्यंत हा प्रोजेक्टर इनपुटचं ऐकत नाही. चाळिसाव्या सेकंदाला रिसीव्हरला पुन्हा एकदा इनपुट.

हे दुसऱ्यांदा कशाला, ते मला कळेना. आधी वाटलं चूक असेल. मग २०१८ च्या एका चिठ्ठीवर ‘पहिल्यांदा चित्र येत नाही’ असं पेन्सिलने लिहिलेलं सापडलं. जुन्या रिसीव्हरची आणि प्रोजेक्टरची एचडीएमआयवरची ओळखपाळख पहिल्या फेरीत कधीकधी फसत असणार. त्या माणसाने इनपुट पुन्हा दाबून ती दुसऱ्यांदा करून घेतली. त्याची कारागिरी म्हणतात ती ही. नव्या रिसीव्हरला गरज नव्हती, म्हणून मी ती पायरी गाळली.

‘बंद’चं बटण त्याहून मजेशीर निघालं. एप्सनच्या या प्रोजेक्टरला बंद म्हटलं की तो पडद्यावर विचारतो, खरंच बंद करू का, आणि बटण परत दाबावं लागतं. जुना रिमोट दीड सेकंदाच्या अंतराने दोनदा दाबत होता. हे अंतर फार कमी झालं तर दुसरं दाबणं वाया जातं. काकूंनी दहा वर्षांत तो प्रश्न पडद्यावर नीट वाचलेलाही नव्हता.

नवी मांडणी

वही वाचताना ठरवलं, यातलं जितकं रिमोटच्या बाहेर काढता येईल तितकं काढायचं. रिमोट उद्या हरवेल, हब बिघडेल. खोलीचं शहाणपण त्यात कमीत कमी असावं.

पडदा सगळ्यात आधी सुटला. प्रोजेक्टरच्या पाठीला ‘ट्रिगर आउट’ होतं. प्रोजेक्टर चालू झाला की तिथे १२ व्होल्ट येतात, बंद झाला की जातात. त्यावर एक रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर पलटणारं स्विच, बसवली : व्होल्ट आले की मोटरला खाली जायची वायर, गेले की वर जायची. दोन्ही टोकांना मोटर आपली आपण थांबते. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं, आणि जुनी रेडिओ पेटी आधी पूर्ण सोडवली, कारण अशा मोटरच्या वर-खाली दोन्ही वायरींना एकदम वीज मिळाली तर मोटर जळते. आता पडद्याला कोणत्याच रिमोटची गरज नाही.

मग रिसीव्हर. डेनॉनमध्ये ‘क्विक सिलेक्ट’ची बटणं असतात, एकेका बटणात इनपुट, आवाजाची पातळी आणि ध्वनीचा प्रकार साठवता येतो. पहिल्यावर टाटा प्ले, दुसऱ्यावर फायर स्टिक, तिसऱ्यावर ब्लू-रे. जे पूर्वी रिमोट तीन-तीन आज्ञांनी करायचा ते आता रिसीव्हर एका आज्ञेत करतो. प्रत्येक इनपुटची पातळी वेगळी कमी-जास्त करायचीही सोय आहे. मालिकांचा आवाज आणि सिनेमाचा आवाज यांत जो दणका बसायचा, तो तिथेच समतल केला. चालू होतानाची पातळी आणि कमाल मर्यादा दोन्ही ठरवून टाकल्या. नातू येतो तेव्हा ही मर्यादा कामाला येते.

सेट-टॉप बॉक्स कायम चालूच ठेवायचा. त्याला चालू-बंदचं एकच बटण. असं बटण मॅक्रोत, म्हणजे एका दाबण्यात जाणाऱ्या आज्ञांच्या साखळीत, घातलं की कधी ना कधी उलटं पडतं : आधीच चालू असलेला डबा ‘चालू’ करायला जाऊन बंद होतो.

उरलेल्या यंत्रांना ‘चालू’ आणि ‘बंद’ असे वेगवेगळे कोड मिळतात का ते पाहिलं. परीक्षा सोपी आहे. यंत्र चालू असताना ‘चालू’ पुन्हा पाठवा. ते चालूच राहिलं तर कोड खरा, बंद पडलं तर ते साधं उलटसुलट बटण. रिसीव्हर, प्रोजेक्टर आणि ब्लू-रे तिन्ही पास झाले.

एसीला हात लावला नाही. आबांचा आग्रह होता, पण एसीचा रिमोट दर दाबण्याला सगळी अवस्था पाठवतो : तापमान, पंखा, थंड की कोरडं, सगळं एकत्र. त्याचं ‘एक अंश कमी’ शिकवलं तर प्रत्यक्षात ‘चोवीस, थंड, पंखा मध्यम’ असं काहीतरी शिकलं जातं, आणि कितीही वेळा दाबा, चोवीसच.

काय फसलं

पहिल्या दिवशी ब्लू-रे. अ‍ॅपच्या यादीतले कोड न घेता मी मूळ रिमोटवरून शिकवले, आणि सवयीने बटण टचकन दाबून सोडलं. प्लेअर सोनीचा. सोनीची पद्धत अशी की एकच आज्ञा किमान तीनदा लागोपाठ यायला हवी, वाहक लहरही, म्हणजे इन्फ्रारेड ज्या वेगाने लुकलुकतं तो वेग, बाकीच्या बऱ्याच जणांच्या ३८ किलोहर्ट्झऐवजी ४०. माझ्या टचकन शिकवण्यात एकच फेरी पकडली गेली असावी, कारण प्लेअर कधी ऐकायचा, कधी नाही. बटण जरा दाबून धरून परत शिकवलं आणि प्रश्न मिटला. उलट बाकीच्या बऱ्याच कंपन्यांच्या रिमोटला धरून ठेवलं तर ‘पुन्हा तेच’ असा छोटा सिग्नल जात राहतो, आणि शिकणारं यंत्र तोच पकडण्याचा धोका असतो. थोडक्यात, एका कपाटात दोन रीती. हे मला माहीत होतं, तरी चुकलो.

दुसरी चूक एमिटरची. नव्या रिसीव्हरचा डोळा कुठे आहे ते मी अंदाजाने ठरवलं आणि चिकटवलं. चाललं, पण दहातल्या आठ वेळा. टॉर्च तिरका धरला तेव्हा काळ्या काचेमागे डोळ्याचा गोल बोटभर डावीकडे दिसला.

तिसरं जे झालं त्याचा अंदाज नव्हता. बसवून चौथ्या दिवशी सिनेमाच्या मध्यात लाइट गेली, दहा मिनिटांनी आली. सेट-टॉप बॉक्स आपोआप उठला, प्रोजेक्टर झोपलेला, रिसीव्हर झोपलेला, आणि हबच्या मते ‘सिनेमा’ अजून चालूच. काकूंनी ‘सिनेमा’ दाबलं, रिमोट म्हणाला तेच तर चालू आहे, आणि काहीच झालं नाही. कोणतं यंत्र कोणत्या अवस्थेत आहे याची आठवण ठेवणारे रिमोट इथेच फसतात. त्यांना वीज गेल्याचं कोणी सांगत नाही. जुना रिमोट काहीच आठवत नव्हता, दर वेळी सगळं पहिल्यापासून पाठवायचा, म्हणून तो दहा पावसाळे निभावून गेला.

उपाय दोन. रिमोटवरच्या एका मोकळ्या बटणावर सगळ्यांना ‘बंद’ जाईल असं लावलं, त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. लाइट येऊन-जाऊन काही अडलं की आधी ठिपका, मग ‘सिनेमा’. वेगवेगळे कोड मिळालेले असल्यामुळे बंद असलेल्याला ‘बंद’ पाठवलं तरी बिघडत नाही. दुसरं, हबला आणि राउटरला इन्व्हर्टरवर घेतलं. प्रोजेक्टरला नाही, तेवढा इन्व्हर्टर त्या घरात नाही.

आता काय स्थिती आहे

‘सिनेमा’ दाबल्यापासून चित्र येईपर्यंत पूर्वीइतकाच वेळ लागतो. लॅम्पला घाई नसते. आवाजाचं बटण धरून ठेवलं की पूर्वी सरसर वर जायचं, आता अडखळत जातं. डेनॉनची एक पायरी अर्ध्या डेसिबलची, त्यामुळे ते जाणवतं. पातळ्या आधीच बांधून दिल्यामुळे त्या बटणाकडे फारसं जावं लागत नाही, तरी आबांना ते खुपतं आणि भेटलो की ऐकवतात. त्यांचं बरोबर आहे. त्या बाबतीत जुना रिमोट सरस होता. त्याचं वजनही हाताला बरं वाटायचं.

वहीच्या पानांची झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे : कोणता एमिटर कुठे, कोणत्या आज्ञेनंतर किती सेकंद थांबायचं, क्विक सिलेक्टमध्ये काय भरलंय. मांडणीचा खातेनंबर आणि पासवर्ड आबांच्या डायरीत, माझ्याकडे नाही. भाच्याने एकदा मला न विचारता फायर स्टिक बदलली आणि नवी स्वतःच जोडली.

दिव्यांचं राहिलंय. जुना रिमोट खोलीतले दिवे हळूहळू मंद करायचा, ते आता भिंतीवरच्या बटणावर आहे. त्यासाठी छतातला डिमर बदलावा लागेल आणि दोन दिवस खोली बंद ठेवावी लागेल. आबा म्हणाले, छाटणी झाली, आता माल निघेपर्यंत मला वेळ नाही, एप्रिलनंतर ये.